पालीच्या पोटातली अळी

गेल्या शनिवारी रात्री नऊच्या सुमारास दवाखाना आवरत असताना टपाल नाक्याकडच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातू आठ-नऊ वर्षांचा, रडून रडून डोळे सुजलेले. मला वाटले, पोरगा कुठे पडला-झडला असेल. पण त्याला काहीच झाले नव्हते. त्याच्या हातात झाकणाला भोके पाडलेला प्लॅस्टिकचा डबा होता आणि डब्यात पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, जाडजूड शेपटीची एक पाल बसली होती.

“ह्याच्या मामाने वाढदिवसाला आणून दिली डॉक्टर,” आजी म्हणाल्या. “आज ह्याने तिला जिवंत अळी घातली. खालची मुले म्हणतात, ती अळी आता पोट कुरतडून बाहेर येणार आणि पाल मरणार. पोरगा दुपारपासून जेवला नाही हो.”

मी माणसांचा डॉक्टर. पालीची नाडी कुठे असते हे मला ठाऊक नाही. पण पोराचा चेहरा बघवेना. मी विचारले, “पालीने अळी चावली, की तशीच गिळली?” तो म्हणाला, “चावली काका. तीन-चार वेळा डोके हलवून हलवून चावली.” मी म्हटले, “मग जा, निवांत जेव. अळी संपली.” पोरगा शांत झाला. मी मात्र झालो नाही. निघता निघता मी सवयीने विचारले, घरात आणखी कोण कोण असते? आजी म्हणाल्या, “मी, हे, सून, मुलगा आणि ह्याची धाकटी बहीण. सात महिन्यांची आहे, आता रांगायला लागली.”

त्या एका वाक्यासाठी आजचे हे सदर पालीवर लिहितो आहे. वाचकांना वाटेल, आरोग्याच्या सदरात पाल कशाला? तिला झाडूने हाकलावे आणि मोकळे व्हावे. पण आता दिवस तसे राहिले नाहीत. पनवेलची महानगरपालिका २०१६ साली झाली, त्याच्या आधीपासूनच गावाची वस्ती बदलत होती. खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारतींत कुत्रा पाळायला सोसायटी कुरकुर करते, मांजराचे केस आईला चालत नाहीत, मग मुलाच्या हट्टापायी मासे येतात, माशांमागून कासव येते आणि आता कासवामागून ही परदेशी पाल आली आहे. तिला लेपर्ड गेको म्हणतात. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या खडकाळ मुलुखातली. आपल्या घरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळा पुसते. हिला पापण्या असतात, डोळे मिटून झोपते. बोटांना चिकटणारे तळवे नसल्यामुळे भिंतीवर चढत नाही. शेपटीत चरबी साठवते. स्वभावाने गरीब, आणि पंधरा-वीस वर्षे सहज जगते. भाजीपाला खात नाही. तिला हलते-चालते किडेच लागतात, म्हणून मग दुकानातून अळ्यांचा डबा येतो.

दुकानात मिळते ती अळी म्हणजे मीलवर्म, पिठाकोंड्यात वाढणाऱ्या एका काळ्या भुंगेऱ्याची पिवळसर अळी. तिच्याहून मोठी सुपरवर्म, तीही भुंगेऱ्याचीच. दोघींना जबडे असतात आणि बोटात धरल्या तर चिमटाही काढतात. त्यावरूनच पोट फाडण्याची गोष्ट निघाली असावी.

रविवारी मी माझ्या एका पशुवैद्य मित्राला फोन लावला आणि थोडे वाचनही केले. निष्कर्ष सरळ आहे. धडधाकट पालीच्या पोटातून अळी कुरतडत बाहेर येत नाही. एक तर पाल भक्ष्य दाताखाली चिरडूनच गिळते. दुसरे, पोटात हवा नसते, आम्ल असते आणि चहूबाजूंनी स्नायू दाबत असतात. अशा जागी अळीला जबडा उघडून काम करायला सवड कोण देणार? जी काय धडपड होते ती थोड्या वेळाची.

निसर्गात अपवाद असतात, त्यातला एक सांगण्यासारखा आहे. जपानमधील कोबे विद्यापीठाचे शिंजी सुगिउरा यांनी २०२० साली एका पाणभुंगेऱ्याची हकिकत प्रसिद्ध केली. बेडकाने गिळलेला हा भुंगेरा पाय मारत मारत आतड्यातून पुढे सरकतो आणि बेडकाच्या मागच्या दाराने जिवंत बाहेर पडतो. काही तर गिळल्यापासून काही मिनिटांत बाहेर आले. पण लक्षात घ्या, एवढा बहाद्दर किडासुद्धा वाटेनेच बाहेर येतो, पोट फाडून नाही. आणि बेडूक पुन्हा उड्या मारायला मोकळा.

मग लोकांनी पाहिले ते काय? कुणाची तरी पाल आजाराने रात्री मरते. डब्यात न खाल्लेल्या दहा-बारा अळ्या फिरत असतात. मीलवर्म मेलेले मांस खाते. सकाळी मालक बघतो तर पालीच्या पोटाला भोक आणि भोकात अळी. त्याला वाटते, अळी आतून बाहेर आली. प्रत्यक्षात ती बाहेरून आत गेलेली असते. कार्य आणि कारण उलटे धरले की असे होते, आणि माणसांच्या दवाखान्यातही हे रोज होते.

पालीच्या बाबतीत तर आपला समाज आधीपासूनच भलत्या ठिकाणी भितो. अंगावर पाल पडली तर कुठल्या अवयवावर पडली आणि त्याचे फळ काय, याचे कोष्टक पंचांगात पल्लीपतन म्हणून छापलेले असते. दुधात पाल पडली की सारे घर विषबाधा झाली म्हणून दवाखान्यात. वाचकहो, जगातली कुठलीही पाल विषारी नाही. पालीला विषग्रंथी नाहीत, कातडीत विष नाही, शेपटीत तर मुळीच नाही. ते दूध टाकूनच द्यावे, याबद्दल वाद नाही. पण दूध प्यायल्यावर दहा मिनिटांत पाल दिसली म्हणून रांगेने उलट्या सुरू होतात, त्यात भीतीचा भाग मोठा असतो. पालीपासून जो खरा अपाय होतो तो दहा मिनिटांत होत नाही. तो सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही होतो, आणि तोवर पालीची आठवण कुणालाच राहिलेली नसते. त्या अपायाचे नाव साल्मोनेला. त्याच्याकडे पुढे येतो. आधी अळीचे उरलेले पाहू.

कारण जिवंत अळी अगदी निर्धोक आहे असे काही मी म्हणत नाही. धोका आहे, पण तो पोटाबाहेर आहे. मुले हौसेने मूठभर अळ्या डब्यात टाकतात. पाल चार खाते, बाकीच्या फिरत राहतात. रात्री त्या पालीच्या बोटांना, शेपटीला, डोळ्यांच्या कडांना चावतात. पाल आजारी किंवा अशक्त असेल तर हलतही नाही आणि जखमा चिघळतात. म्हणून अळ्या मोजून घालाव्यात, पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड अळी घालू नये आणि पाव तासात न खाल्लेली अळी चिमट्याने काढून घ्यावी. लहान पालीला रोज, मोठीला दोन-तीन दिवसांआड अन्न पुरते. डब्याच्या तळाशी नागाव-किहीमच्या किनाऱ्यावरची वाळू पसरू नये. दिसायला छान दिसते, पण अळीबरोबर वाळूही पोटात जाते आणि आतडे तुंबते. साधा कागद बरा.

आणखी एक गोष्ट, जी मलाही नवीन होती. पालीचे पचन तिच्या अंगाच्या उबेवर चालते. पोटाखालची जागा तीस-बत्तीस अंश सेल्सिअस लागते. आपल्याकडे एरवी ही अडचण नाही, घामाच्या धारा असतात. पण पावसाळ्यात चार दिवस झड लागली, वीज गेली, किंवा जानेवारीत पहाटे गारठा पडला, आणि त्यातच पालीला पोटभर चारले, तर खाल्लेले पोटात पडून राहते आणि कुजते. मग ती ओकते. तेव्हाही दोष अळीलाच दिला जातो.

आता अळी येते कुठून ते पाहा. पालीच्या अन्नाचा खर्च वाचवायला मुले काय करतात? वडाळे तलावाच्या काठावर गळ टाकणारे जसे गांडूळ शोधतात तसे गटाराकाठची माती उकरतात. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत ऑगस्ट २०१७ मध्ये निळी कुत्री दिसली होती, ते फोटो जगभर छापून आले. कुत्री निळ्या वंशाची नव्हती. कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या सांडपाण्यात उतरून ती निळी झाली होती, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक कारखाना बंद करायला लावावा लागला. कुत्र्याचा रंग डोळ्यांना दिसतो, गांडुळाच्या पोटातले शिसे आणि कॅडमियम दिसत नाही. गांडूळ माती खाऊन जगते आणि मातीतले जड धातू अंगात साठवते. म्हणून नाल्याकाठचे, रस्त्याकडेचे गांडूळ कुठल्याही पाळीव प्राण्याला घालू नये, माशालासुद्धा नाही. गांडूळखताच्या खड्ड्यातले लाल गांडूळही नको. डिवचले की ते उग्र वासाचा पिवळा द्रव सोडते, तो पालीला सोसत नाही.

घरातले झुरळ पकडून घालणे हा दुसरा प्रकार. त्या झुरळाने काल रात्री खडूच्या रेषेवरून फेरी मारलेली असते किंवा महिन्यापूर्वी फवारणी झालेली असते. झुरळ अजून मेले नाही एवढाच त्याचा अर्थ.

बागेतल्या अळ्या तर सोडूनच द्या. रुईच्या झाडावरच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या दिसायला देखण्या. रुईच्या चिकातले, हृदयावर परिणाम करणारे विष त्या अंगात साठवू शकतात. शेवग्यावरचे सुरवंट आपल्याला खाजवून बेजार करतात, ते पालीच्या घशात काय करतील? सप्टेंबर २०२२ मध्ये बीड, नगर, सोलापूरकडे ‘घोणस अळी’ने धुमाकूळ घातला होता तो अनेकांना आठवत असेल. नावात घोणस असल्यामुळे माणसे मरतात अशी आवई उठली. मृत्यू नव्हे, पण तिच्या काट्यांनी होणारा दाह खरा होता. आणि मे महिन्याच्या अखेरीस कर्जतकडे काजवे बघायला जाणारांनी मुलांना एवढे सांगावे की काजवा घरी आणून पालीला घालू नका. पाळीव सरडे काजवा खाऊन तासा-दोन तासांत मेल्याच्या नोंदी अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झाल्या आहेत. काजवे तिकडच्या जातीचे होते हे खरे, पण हा प्रयोग आपण घरी करून पाहण्याचे कारण नाही.

तेव्हा दुकानातली, कोंड्यावर वाढवलेली मीलवर्म त्यातल्या त्यात बरी. पण ती एकटी पुरत नाही, आणि माझ्या मते पालीच्या आहारातला सर्वांत मोठा घोटाळा इथे आहे. पोट फाडल्याने एकही पाल मरत नाही. नुसत्या अळ्या खाऊन मात्र पुष्कळ मरतात.

वयस्कर वाचकांना मुडदूस हा शब्द ठाऊक आहे. हाडे मऊ पडलेली, पाय धनुष्यासारखे वाकलेली मुले पूर्वी सर्रास दिसत. कारण ‘ड’ जीवनसत्त्वाची आणि कॅल्शियमची उणीव. पालीला होतो तो हाच रोग, नाव तेवढे वेगळे. पालीच्या अन्नात फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम असावे लागते. मीलवर्ममध्ये नेमके उलटे, फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. रोज हेच पोटात गेले की रक्तातले कॅल्शियम राखण्यासाठी शरीर स्वतःची हाडे विरघळवू लागते. आधी पालीचा जबडा मऊ पडतो, मग तिला अळी चावता येत नाही, मग ती खाणे सोडते. पाय वाकतात, चालताना पोट जमिनीला घासते, बोटे थरथरतात. मालक म्हणतो, “परवापर्यंत चांगली खात होती हो!” खात होती हे खरे, पण त्या खाण्याने हाडांना काहीच मिळत नव्हते. नुसत्या पोह्यांवर मूल वाढवण्यासारखे आहे हे. पोट भरते, मूल शांत झोपते आणि वर्षाने पाय वाकलेले दिसतात.

उपाय महाग नाही. अळी पालीला घालण्याआधी एक दिवस अळीलाच नीट जेवू घालावे. गाजराचा तुकडा, मेथीची किंवा शेवग्याची पाने द्यावीत. म्हणजे पालीला भरलेल्या पोटाची अळी मिळते. पालक नको, त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून धरते. घालताना अळी कॅल्शियमच्या पुडीत घोळवावी, जशी बोंबील रव्यात घोळवतो तशी, फक्त हलक्या हाताने. पूड फॉस्फरस नसलेली हवी. किनाऱ्यावर सापडणारे समुद्रफेन किंवा स्वच्छ धुऊन, उकळून वाळवलेले अंड्याचे कवच हेही कॅल्शियम कार्बोनेटच. अगदी बारीक दळले तर चालते. मात्र पानपट्टीचा चुना कुणी लावू नये. तो दाहक आहे, पालीचे तोंड भाजेल. ‘ड’ जीवनसत्त्वाची पूड मात्र पशुवैद्याने सांगितल्याशिवाय नको, कारण तिचा अतिरेकही मारतो. अधूनमधून अळीऐवजी दुकानात पैदास केलेले रातकिडे द्यावेत. पालीचे आजार जाणणारे पशुवैद्य आपल्याकडे मोजकेच. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या जुन्या ठिकाणी चौकशी केली तर पुढचा रस्ता कळतो.

आता माणसांकडे वळतो, कारण माझे मुख्य म्हणणे तिथे आहे.

पाल, सरडा, कासव, साप या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू सुखाने राहतात. प्राणी आजारी दिसत नाही. जंतू रोज विष्ठेतून पडतीलच असेही नाही, त्यामुळे एकदा तपासणी करून “आमची पाल स्वच्छ आहे” असा दाखला मिळवता येत नाही. दुकानातल्या डब्यात जन्मलेली पालही याला अपवाद नाही. २०१५ साली अमेरिकेत क्रेस्टेड गेको जातीच्या पाळीव पालींपासून अनेक राज्यांतल्या वीसेक माणसांना साल्मोनेलाची लागण झाल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने शोधून काढले. त्याच्याही आधी, १९७५ साली, त्या देशाने चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. चार इंचच का? तर त्याहून लहान कासव बाळाच्या तोंडात मावते! कायदा करणाऱ्यांनी बाळांना नीट ओळखले होते असे म्हणायला हवे. आपल्याकडे तीच लाल कानाची कासवे माशांच्या दुकानात बशीत ठेवून विकलेली मी पाहिली आहेत, आणि ती विकत घेणाऱ्या बाईच्या कडेवर मूल होते.

हे जंतू पालीच्या अंगावर, डब्यात, पाण्याच्या वाटीत आणि डब्यात फिरून आलेल्या अळीवरही असतात. मुलगा पालीला हातात घेतो, अळी बोटाने धरतो, मग तोच हात बिस्किटाच्या पुड्यात. डबा धुतो कुठे? स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये, जिथे बाळाची दुधाची बाटली धुतली जाते. अळ्या जास्त दिवस टिकाव्यात म्हणून त्यांचा डबा ठेवतो फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. आजींच्या घरी हे तिन्ही प्रकार चालू होते, मी विचारून खात्री केली.

मोठ्या माणसाला साल्मोनेलाने ताप येतो, पोटात कळा येतात, जुलाब होतात आणि चार ते सात दिवसांत बहुधा आपोआप बरे वाटते. त्याला जलसंजीवनी आणि विश्रांती पुरते. अँटिबायोटिक्सची गरज नसते, उलट त्यांनी जंतू आतड्यात जास्त दिवस रेंगाळू शकतात. पण तान्हे मूल, पाच वर्षांखालचे मूल, साठी-सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा, गरोदर बाई, मधुमेही किंवा कर्करोगावर उपचार घेणारा रुग्ण, यांच्यात जंतू आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जाऊ शकतात. तान्ह्या मुलात तर मेंदूच्या आवरणापर्यंत. अशा रुग्णाला वेळ दवडून चालत नाही. त्यातून आपल्याकडे एक गोंधळ होतो. टायफॉइडचा जंतू याच घराण्यातला, पण तो फक्त माणसाकडून माणसाकडे जातो. पालीचा साल्मोनेला वेगळा. घरात पाल आहे हे डॉक्टरला कळलेच नाही तर तो पाणीपुरीवाल्याला दोष देऊन मोकळा होतो. दवाखान्यात “बाहेरचे काही खाल्ले का?” हे आम्ही हमखास विचारतो, “घरात काय पाळले आहे?” हे विचारत नाही. ही आमची चूक आहे, आणि मी स्वतःही त्या शनिवारपर्यंत ती करत आलो.

अळ्यांची आणखी एक बाजू. परवा एका बाईंनी विचारले, मुलाने एखादी अळी गंमत म्हणून खाल्ली तर? खाल्ली तर आकाश कोसळत नाही. युरोपीय संघाने २०२१ साली वाळवलेली मीलवर्म माणसाचे अन्न म्हणून विकायला परवानगी दिली आहे. अर्थात ती माणसांसाठी स्वच्छतेने वाढवलेली. पण ज्याला कोळंबी सोसत नाही, कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात, अंगावर गांध्या उठतात, त्याने या अळ्यांपासून सावध असावे. कोळंबी आणि अळी दिसायला कितीही वेगळ्या असोत, दोघींच्या अंगातले एक प्रथिन एकमेकांशी जुळते. अळ्यांच्या डब्यातली कात आणि विष्ठेची बारीक धूळ नाकात जाऊन दमेकऱ्याला त्रासही होऊ शकतो. पनवेलमध्ये कोळंबीचे वावडे असलेले मला बरेच ठाऊक आहेत, आणि त्या सर्वांना कोळंबी आवडते, हे आणखी एक.

मग पाल पाळूच नये का? माझे मत स्पष्ट सांगतो, कुणाला रुचो न रुचो. ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल आहे, गरोदर बाई आहे किंवा प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण आहे, त्या घरात पाल, कासव, सरडा आणू नये. इथे मी “काळजी घेऊन चालेल” असे म्हणायला तयार नाही. रांगणारे मूल फरशीवरून हात फिरवते आणि तो हात तोंडात घालते, हे कुठल्याही शिस्तीने थांबत नाही. बाकी घरांत जरूर पाळावी. मुलाला एका जिवाची जबाबदारी कळते, निरीक्षणाची सवय लागते. भिंतीवरच्या पालीला बघून किंचाळणाऱ्या घरात एखादे पोर पालीसाठी रडते, हे मला तर चांगलेच वाटले. फक्त डबा स्वयंपाकघरात जाता कामा नये. त्याच्यासाठी वेगळी बादली, वेगळा ब्रश, आणि धुतलेले पाणी संडासात. अळ्यांचा डबा फ्रीजमध्ये नाही. पालीला किंवा अळीला हात लावला की साबणाने हात, दर वेळी, आणि मूल लहान असेल तर मोठ्याने समोर उभे राहून. पालीचा मुका घेऊ नये, हे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. सांगावे लागते.

दुकानदारांना एक विनंती. माशांच्या पिशवीबरोबर तुम्ही खाद्याची पुडी देता, तशी पालीबरोबर एक छापील चिठ्ठी द्या. कॅल्शियम आणि हात धुणे, एवढे दोनच मुद्दे असले तरी चालतील. ग्राहकाची पाल वर्षभरात मेली तर तो दुसरी घ्यायला येत नाही, त्यामुळे धंद्याच्या दृष्टीनेही हे तोट्याचे नाही. आणि कर्नाळ्याच्या जंगलातून किंवा गावच्या माळावरून पाल पकडून आणून पाळण्याचा विचार कुणी करू नये. आपल्या रानातले प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. शिवाय रानातली पाल अंगात जंत घेऊन येते आणि डब्यात भीतीने खात नाही.

आजी परवा रक्तदाब दाखवायला आल्या होत्या. पालीचा डबा आता मामाकडे खांदा कॉलनीत आहे. मामाचे अजून लग्न व्हायचे आहे, घरात लहान कुणी नाही. नातू शनिवार-रविवार तिकडे जातो. पहिले दोन दिवस रुसला होता, आता वहीत पालीच्या अळ्यांचा हिशेब लिहितो म्हणे. मामाला कॅल्शियमची पूड कुठली घ्यायची ते मी चिठ्ठीवर लिहून आजींच्या हाती दिले. आजींनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, “डॉक्टर, माझे गुडघे दुखतात, मला नाही तुम्ही अशी पूड दिलीत कधी.” त्यांचा रक्तदाब १५० च्या वर होता, म्हणून तो विषय मी पुढच्या भेटीवर ढकलला.